चादरीची तीट

“आधी चादर अंथरून दाखव,” येमूल मामा म्हणाले. “मग बाकीचं बोलू.”

मी टेबलाखाली उकिडवा बसून वायरी बांधत होतो. डोकं बाहेर काढलं तर मामा खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात मांडीवर, अंगात धुतलेला पांढरा शर्ट. घरातल्या घरात कॉम्प्युटर बघायला कुणी शर्ट बदलून बसतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला त्याचं हसू आलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

पेंटप्पा येमूल हे सोलापूरच्या पूर्व भागातले चादरींचे ग्राफ काढणारे जुने कारागीर. चादरीवर मोर उमटतो, कमळ उमटतं, ते आधी कुणीतरी चौकटींच्या कागदावर एकेक घर रंगवून काढलेलं असतं. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची, ते पत्ते मागावरच्या जकार्ड नावाच्या यंत्राला लावायचे, आणि मग चादर विणली जायची. मामांनी चाळीस वर्षं हेच केलं. तेलुगू त्यांची घरची भाषा, मराठी पेठेची, आणि चौकटींची भाषा या दोन्हींच्या पलीकडची. मी रेवण, तेव्हा सव्वीस वर्षांचा, नव्या पेठेत कॉम्प्युटर दुरुस्तीचं लहानसं दुकान चालवणारा. त्या वयात मला सगळं येत होतं. आता निम्मं येतं.

अख्खी चादर एका नजरेत दिसली पाहिजे, ही मामांची अट होती. ज्या कारखान्याची कामं ते करायचे तिथं जुने पत्त्यांचे जकार्ड भंगारात निघाले होते आणि कॉम्प्युटरवर चालणारे नवे आले होते. तिथल्या साहेबांनी मामांना एकदा साध्या पडद्यावर डिझाइन दाखवलं. मामांनी पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, उरलेली चादर कुठंय? साहेब म्हणाले, सरकवा की, दिसेल. मामा म्हणाले, मी चादर दुमडून बघत नाही.

म्हणून त्यांच्या धाकट्या मुलीनं, श्रीलतानं, तो लांबलचक पडदा आणला होता. ती एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची. लग्न मोडल्यावर माहेरी आली होती आणि वडिलांचं घर तीच चालवत होती. पडदा एवढा रुंद की टेबलाच्या दोन्ही बाजूंना वीतभर बाहेर आला होता. त्यातच तिची सगळी पुंजी संपल्यामुळे कॉम्प्युटर जेवणाच्या डब्याएवढा, स्वस्तातला, मी सुचवलेला. तिनं दुकानात दोनदा विचारलं होतं, एवढासा डबा एवढ्या मोठ्या पडद्याला पुरेल ना? मी म्हणालो होतो, डोळे झाकून घ्या.

तर त्या सकाळी मी डबा पडद्याला जोडला, चालू केला, आणि चित्राचा आकार निवडायला गेलो. यादीत पडद्याचा खरा आकार नव्हताच. त्याच्या खालचा होता, तो निवडला. चित्र पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बरोबर भरलं, कुठं काळी पट्टी नाही, काही ताणलेलं नाही. फक्त अक्षरांना एक सूज होती. ओल्या बोटानं शाईची कड पुसल्यावर येते तेवढीच. मला ती दिसली. डब्यात तेवढी ताकद नसावी असं मी मनाशी म्हणालो, आणि श्रीलता चहा ठेवायला आत गेली होती म्हणून मोठ्यानं काहीच म्हणालो नाही.

“बसा पुढं मामा,” मी म्हणालो. “अंथरली.”

कारखान्यानं नमुन्यासाठी मामांचंच एक जुनं डिझाइन फाइल करून पाठवलं होतं. त्यांच्याकडच्या माणसानं ते चादरीवरून उतरवून घेतलं होतं. त्यात बारा कर्दळी होत्या, एका रांगेत, लाल फुलं आणि हिरवी पानं. त्या बाराही कर्दळी पडद्यावर एकदम उभ्या राहिल्या तेव्हा मामा थोडे पुढं झुकले. त्यांच्या तोंडून तेलुगूत काहीतरी निघालं. श्रीलता दारात येऊन उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती परत आत गेली.

मग मामांनी मला काय ठरलंय ते सांगितलं. सोमवारी कारखान्याचा माणूस येणार होता. मामांच्या माळ्यावर बासष्ट डिझाइनांचे कागद होते, सुरळ्या करून ठेवलेले. रंगांच्या खुणा त्यांनी स्वतःच्या अशा काही लिहिल्या होत्या, की दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ते सगळे कागद मामांनी स्वतः बसून कॉम्प्युटरवर उतरवायचे, आणि प्रत्येक डिझाइनच्या फाइलला त्यांचं नाव द्यायचं, असं कारखान्यानं कबूल केलं होतं. चाळीस वर्षांत त्यांचं नाव कुठल्याच चादरीला नव्हतं. मामा हो म्हणाले तर दोन-तीन वर्षांचं काम होतं. नाही म्हणाले तर कारखान्याचा माणूस स्वतःच्या मनानं नवी फुलं काढणार होता आणि माळ्यावरचे कागद कुणाच्याच उपयोगाचे राहणार नव्हते.

“मला हो म्हणायचंय,” मामा म्हणाले. “पण डोळा हाय का न्हाई ते मला आधी कळू दे. खोटं बोलून काम घेणार न्हाई मी.”

त्यांचा डावा डोळा तरुणपणीच गेला होता. मागावरून उडालेला धोटा लागला होता. उजव्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन श्रावणात झालं. डॉक्टर म्हणाले, उत्तम झालंय. पण मामांचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता. डॉक्टर भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात, ते म्हणाले, आणि माझं काम भिंतीवर नाही.

मी म्हणालो, मग कागदावर बघायचं ना, घरं मोजता येतात का ते.

तर त्यांनी खिशातून एक बूच काढलं. त्यात सुई खोचलेली होती. कागदावर ते सुईच्या टोकानं घरं मोजायचे, एकेका घरावर टोक टेकवत. सुई टेकली की हाताला कळतं, ते म्हणाले. चारशे घरं मोजताना मी शेजाऱ्याशी बोलतो, माहीत आहे का तुला? कागदावर हात मोजतो. डोळा नुसता सोबतीला असतो. तू आणलेल्या या काचेवर सुई चालत नाही. इथं डोळा एकटा आहे. म्हणून इथंच कळेल.

त्यांनी सुई परत बुचात खोचली आणि खिशात ठेवली. मग त्यांनी मला तिटेबद्दल सांगितलं.

बाळाच्या गालावर दृष्ट लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावतात, तशी मामा प्रत्येक डिझाइनला एक तीट लावायचे. हजारो घरांत एक घर मुद्दाम चुकवलेलं. त्यांच्या वडिलांनी त्यांना ते शिकवलं होतं. अगदी बिनचूक चादर घरात आणू नये, अंगावर घेणाऱ्याला सोसत नाही, असं वडील म्हणायचे. कारखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विणलेल्या चादरीत ते एक घर शोधून सापडायचं नाही. सापडलंच तर धागा चुकला असं वाटायचं.

“डावीकडून तिसरी कर्दळ,” मामा म्हणाले. “देठाच्या बुडाला हिरव्यात एक पिवळं घर हाय. ते मला इथं बसून दिसलं पायजे. दिसलं तर सोमवारी हो म्हणतो.”

आणि ते बघायला लागले.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. श्रीलता चहाचे कप घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मान थोडी डावीकडं केली, मग उजवीकडं. उजव्या हाताचं पहिलं बोट हवेत हळूहळू सरकत होतं, सुई नसलेल्या हातानं मोजल्यासारखं. मधेच थांबायचं, मागं यायचं, परत सुरू व्हायचं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. एका शाळेत माझं काम राहिलं होतं आणि तिथले हेडमास्तर सकाळपासून दोनदा फोन करून बसले होते.

“न्हाई,” मामा म्हणाले. मग स्वतःशीच परत, “न्हाई दिसत.”

श्रीलतानं कप टेबलावर ठेवले. “नाना, उद्या बघा परत. आज दमलात.”

“उद्याचा डोळा वेगळा असतो का?” ते म्हणाले आणि माझ्याकडं वळले. “रेवण, तू बघ. तुझे तरणे डोळे हायत. तिसरी कर्दळ, देठाचं बूड.”

मी वाकलो. डावीकडून तिसरी कर्दळ बघितली. देठाच्या बुडाला हिरवं होतं, आणि त्या हिरव्याच्या कडा एकमेकांत मिसळलेल्या होत्या. कुठं एक घर संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं ते नीट कळत नव्हतं. पिवळं काही असेलही, नसेलही. मला दिसलं नाही.

त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मी दहा वर्षांत पुष्कळदा तपासून पाहिलं आहे. फार काही नव्हतं. दिसत नाही म्हणालो तर का दिसत नाही ते सांगावं लागणार. चित्र पुसट आहे हे सांगावं लागणार. मग डबा चुकीचा घ्यायला लावला हे आलं, आणि डोळे झाकून घ्या म्हणालेलंही आलं. श्रीलता माझ्या मागं उभी होती. तिच्यासमोर मला हुशार राहायचं होतं. आणि हेडमास्तर वाट बघत होते. एवढंच.

“दिसतेय की,” मी म्हणालो. “ही काय.”

नुसतं म्हणून थांबलो नाही. पडद्यावर बोटसुद्धा ठेवलं.

मामा माझ्या बोटाकडं बघत राहिले. बोट उचलल्यावर त्या जागेकडं बघत राहिले.

“पिवळी?”

“पिवळी.”

तेव्हा त्यांचा चेहरा काही फार बदलला नाही. खांदे तेवढे खाली आले. मी घाईघाईनं म्हणालो, मामा, मोठं करून दाखवतो ना, मोठं केलं की सगळं स्पष्ट दिसतं, सगळे तसंच करतात. मी माऊसला हात घातला.

“मोठं करून आंधळ्यालाबी दिसतंय,” मामा म्हणाले. “बंद कर.”

मी बंद केलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. चहा उभ्यानंच प्यायलो. निघताना मामा दारापर्यंत आले, एक हात भिंतीला लावून. सकाळी मला दार उघडायला आले तेव्हा भिंतीला हात नव्हता, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. शाळेतलं काम साडेबाराला उरकलं.

पुढचे दहा दिवस मी त्या घराकडं फिरकलो नाही. सोमवारी श्रीलताचा एक फोन आला होता, घेतला नाही. मग लग्नाचे फोटो काढणारा एकजण दुकानात आला. त्याच्याकडं मामांच्यासारखाच लांब पडदा होता आणि त्याला स्वस्तातला लहान डबा हवा होता. मी त्याला म्हणालो, नको, चित्र पुसट येतं. तो म्हणाला, कुणी सांगितलं? मित्राकडं हाच डबा आहे, एकदम चकचकीत दिसतं.

मी दुपारी त्याच्या मित्राच्या स्टुडिओत गेलो. डबा तोच. फक्त वायर वेगळी होती. डब्याच्या मागं दोन भोकं होती. एक नेहमीचं, जिथं मी मामांची वायर लावली होती, डब्याबरोबर खोक्यात आली होती तीच. दुसरं बारीक, कोपऱ्यात. त्या दुसऱ्या भोकातून गेलेल्या वायरीनं पडद्याला त्याचा खरा आकार मिळत होता. डबा काही कमी ताकदीचा नव्हता. मी खोक्यातला कागद वाचला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण कागद वाचतात ते नवशिके, असं मला तेव्हा वाटायचं.

मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो. वायरीनं सुटणारा प्रश्न, दुसरं काय. मामांकडं जायचं, वायर बदलायची, मामा, त्या दिवशी माझंच चुकलं म्हणायचं, आणि कर्दळ दाखवायची. त्यांच्या फाइलची प्रत माझ्या पेनड्राइव्हवर राहिली होती. मी स्टुडिओवाल्याला म्हणालो, एक मिनिट बघू का काहीतरी. आणि त्याच्या पडद्यावर चादर अंथरली.

बारा कर्दळी आल्या. प्रत्येक घर वेगळं होतं, बसल्या जागेवरून मोजता येण्यासारखं. मी डावीकडून तिसरीच्या देठाशी गेलो. हिरवं होतं. परत बघितलं. मोठं करून बघितलं. घर न् घर हिरवं होतं. मला वाटलं डावं-उजवं चुकलं असेल, म्हणून उजवीकडून तिसरी बघितली. मग बाराही बघितल्या, देठ, पानं, पाकळ्या. पिवळं घर कुठंच नव्हतं.

समजायला जरा वेळ लागला. कारखान्याच्या ज्या माणसानं चादरीवरून डिझाइन उतरवून घेतलं, त्याला हिरव्यात एक पिवळं घर दिसलं असणार. धागा चुकलाय असं समजून त्यानं ते नीट केलं असणार. चांगल्या मनानंच केलं असणार. फाइलीत तीट नव्हतीच.

मामांना जे दिसलं नव्हतं ते तिथं नव्हतं. एका डोळ्यानं, पुसट पडद्यावर, त्यांनी बरोबर बघितलं होतं. चित्र स्वच्छ असतं तर ते छातीठोक म्हणाले असते, माझी तीट कुणी पुसली? चित्र पुसट होतं म्हणून त्यांना शंका आली, आणि मी त्यांना तिथं पिवळं घर बोटानं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसली एक वायर पिशवीत घालून मी निघालो. वाटेत वाक्यं तयार केली. ती मला अजून पाठ आहेत. मामा, तुमचा डोळा शाबूत आहे. मामा, मी खोटं बोललो. यातलं कुठलं आधी म्हणायचं, एवढंच ठरत नव्हतं.

मामा दारात पायरीवर ऊन अंगावर घेत बसले होते. मांडीवर ताट होतं आणि ते तांदूळ निवडत होते. ताटाच्या एका कडेला खड्यांचा इवलासा ढीग होता, पांढरे खडे, तांदळाच्याच रंगाचे. मी समोर उभा राहून बघत होतो. ते बोट फिरवत नव्हते, चाचपत नव्हते. बघायचे, आणि चिमटीत नेमका खडा घ्यायचे.

“ये की,” ते म्हणाले. “रेवण ना?”

मी म्हणालो, ओळखलंत की.

“पायताणाच्या आवाजावरून,” मामा म्हणाले. ते खरंच तसं समजत होते.

मी विचारलं, तांदूळ निवडताय, खडे दिसतात का?

“खडा बोटाला कळतोय. हाताची सवय.” आणि बोलता बोलता त्यांनी ताटाच्या पार पलीकडच्या कडेचा एक खडा उचलला, जिथं त्यांचं बोट अजून गेलंही नव्हतं.

मी पायरीवर बसलो. पिशवी मांडीवर घेतली. आता सांगायचं, असं ठरवलं होतं.

तेवढ्यात श्रीलता बाहेर आली. लॅबला निघाली होती, हातात जेवणाचा डबा होता. मला बघून ती थांबली. मला वाटलं फोन घेतला नाही म्हणून बोलेल, पण ती हसली. मला म्हणाली, “बरं झालं आलास. तुला सांगायचंच होतं. नानांना आता झोप लागायलीय. ऑपरेशन झाल्यापासून रात्रभर जागे असायचे, डोळा हाय का गेला, डोळा हाय का गेला. आता शांत झालेत.”

“सगळे मला दिसंल, दिसंल म्हणत हुते,” मामा म्हणाले. “डॉक्टर म्हणायचा, ही म्हणायची. तू एकटाच खरं बोललास. खरं कळलं की माणूस गप पडतंय.”

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा तांदळाकडं वळले.

मी विचारलं, सोमवारी काय झालं. श्रीलतानं सांगितलं की कारखान्याचा माणूस आला होता. नानांनी त्याला स्वच्छ सांगितलं, डोळा गेलाय, मला जमणार नाही. त्यानं फार आग्रह केला नाही. चहा घेतला आणि गेला.

“आणि कागद?” मी म्हणालो. “माळ्यावरचे?”

श्रीलतानं वडिलांकडं बघितलं. मामांनीच सांगितलं. घराच्या मागच्या बाजूला आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. मंगळवारपासून त्यांनी रोज सकाळी बंबाखाली सुरळ्या घालायला सुरुवात केली होती. श्रीलतानं पहिल्या दिवशी हात धरला होता. मामा तिला म्हणाले होते, रद्दीवाल्याला दिले तर त्यावर कुणीतरी भजी बांधून देईल, ते मला सोसणार नाही. माझ्या हातानं जाऊ दे.

“जुना कागद लई चांगला जळतंय,” मामा म्हणाले. “पाणी असं तापतंय की विसाण घ्यावं लागतंय. आज संपले.”

मी उठून मागं गेलो. हात धुतो म्हणालो. बंब अजून गरम होता. खाली राख होती, आणि राखेत एक जाड कागदाचा तुकडा अर्धा जळून राहिला होता. त्यावर कुठल्याशा मोराच्या पिसाऱ्याची घरं होती, निळी आणि जांभळी, एकाही घराचा रंग बाहेर गेलेला नाही. मी तिथं उभा राहिलो. पिशवीतली वायर मांडीला टोचत होती.

काल आलो असतो तर काही सुरळ्या उरल्या असत्या. फोन घेतला असता तर सगळ्याच उरल्या असत्या. आता काय होतं? वायर लावली तर कर्दळी लख्ख दिसणार. मामांना कळणार की डोळा होता. सोमवारीही होता, आणि रोज सकाळी बंबाखाली सुरळ्या घालतानाही होता. हे त्यांना सांगून मी काय परत देणार होतो? मी स्वतःला असं समजावलं की आता गप्प बसणं हीच माणुसकी आहे. तेव्हा मला ते पटलं होतं. आता वाटतं, माणुसकी बिणुसकी काही नाही, मला भीती वाटली. त्यांनी माझ्याकडं कसं बघितलं असतं, त्या एका डोळ्यानं, त्याची भीती वाटली.

बाहेर आलो. मामा म्हणाले, “काही सांगायला आलतास का?”

“कॉम्प्युटर ठेवायचा नसेल तर मी परत घेतो,” मी म्हणालो. “पुरे पैसे देतो.”

“घेऊन जा,” मामा म्हणाले. “तिच्या लग्नाच्या पेटीवर नुसता पडून हाय तो.” मग ते भिंतीला हात लावत आत गेले आणि एक सुरळी घेऊन आले. “एक ठेवला हुता मागं. बारा कर्दळी. तुझ्यासाठी.”

मी नको नको म्हणालो.

“घे. चाळीस वर्षांत माझी तीट मी सोडून कुणाला दिसली न्हाई. तुला दिसली. तुझ्याकडं असू दे.”

मी ती सुरळी घेतली. वाकून पाया पडलो. ते म्हणाले, सुखी राहा.

मामा त्यानंतर सात वर्षं जगले, आंधळ्यासारखे. बाहेर पडताना श्रीलताचा हात धरायचे. वर्तमानपत्र ती वाचून दाखवायची. टीव्हीकडं पाठ करून बसायचे आणि नुसतं ऐकायचे. डॉक्टरांकडं परत गेले नाहीत, कारण खरं काय ते त्यांना कळलं होतं. मी वर्षातून एकदोनदा जायचो. प्रत्येक वेळी ते मला, खरं बोलणारा माणूस आला, असं म्हणायचे आणि श्रीलताला चहा टाकायला सांगायचे. प्रत्येक वेळी मी तो चहा प्यायलो.

ते गेल्याला तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात श्रीलताचा फोन आला. तिला नानांच्या हातचं काहीतरी बघावंसं वाटत होतं. घरात तर काहीच उरलं नाही, म्हणाली, तुझ्याकडचा तो कागद एकदा आणशील का.

मी सुरळी कपाटावरून काढली. दहा वर्षांत उघडली नव्हती. तिच्याकडं गेलो. तिनं जमिनीवर सतरंजी घातली आणि तिच्यावर आम्ही सुरळी उलगडली. आतून एक गुंडाळलेली काळी वायर पडली. ती मी तिथं कधी ठेवली होती ते विसरलोही होतो.

“ही कसली?” ती म्हणाली.

“जुनी आहे. कशाचीच नाही.”

मी ती खिशात घातली. कागद खोलीच्या या भिंतीपासून जवळजवळ त्या भिंतीपर्यंत गेला. बारा कर्दळी होत्या. रंग अजून ओले वाटावेत असे होते. श्रीलता गुडघ्यांवर बसून सरकत सरकत बघत गेली. तिच्याही डोक्यावर आता निम्मे केस पांढरे होते.

“तिसरी ना?” तिनं विचारलं.

मी मान हलवली. ती वाकली. तिला शोधावं लागलं नाही. देठाच्या बुडाला, सगळ्या हिरव्यात, ते एक पिवळं घर होतं, मोहरीच्या फुलाच्या रंगाचं. तिनं त्यावर हलकंच बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

“त्या दिवशी पडद्यावर पण अशीच दिसली होती तुला?” तिनं विचारलं.

मी तिच्या बोटाकडं बघत होतो.

“हो,” मी म्हणालो. “अशीच.”